वाटा, ओझे आणि कागद : जावाच्या गावगाड्यातील मालकीचा इतिहास

१/ शेत समुद्रात बुडाले, तर त्या शेताची मालकी कोणाची?
इंडोनेशियातील जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाक जिल्ह्याच्या सायुंग भागात, हा प्रश्न रोजच्या जगण्याचा झाला आहे. तिंबुलस्लोको, बेदोनो यांसारख्या गावांत एका पिढीपूर्वी जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज भरतीचे पाणी उभे असते. पेटीत जमिनीचा दाखला जपून ठेवलेला आहे. जमीन मात्र दिसत नाही. इंडोनेशियाच्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते कठोर आहे. ते समजून घेण्यासाठी आपल्याला सुमारे हजार-बाराशे वर्षे मागे जावे लागेल. #धागा

२/ आधी भूमी पाहू. जावा हे ज्वालामुखींचे बेट. राखेने सुपीक झालेल्या उतारांवरून नद्या उत्तरेकडे उतरतात आणि उथळ जावा समुद्रात गाळ टाकतात. अशा गावाची जमीन चार प्रकारची असे : पाण्याखालची भातखाचरे म्हणजे ‘सावाह’, जिरायत रान म्हणजे ‘तेगालान’, घराभोवतीचे नारळ-केळी-बांबूचे परसू म्हणजे ‘पेकारांगान’, आणि किनाऱ्यालगतची निमखाऱ्या पाण्याची मत्स्यतळी म्हणजे ‘तांबाक’. कोकण-गोव्याची खाजणे पाहिलेल्याला तांबाक ओळखीची वाटतील. या चारही जमिनींवरचा हक्क एकाच रीतीचा नव्हता, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

३/ आठव्या ते दहाव्या शतकांतील जावाचे ताम्रपट व शिलालेख ‘सीमा’ या संस्थेविषयी बोलतात. राजा वा सरदार एखाद्या गावाची वा शेताची करमुक्ती जाहीर करी आणि तेथील उत्पन्न देवालयाला किंवा विहाराला लावून देई. या विधीला शेजारच्या गावांचे वडीलधारे, ज्यांना ‘राम’ म्हणत, साक्षीदार म्हणून बोलावले जात; त्यांना वस्त्रे व सोने भेट मिळे. जमिनीवरचा हक्क शेजाऱ्यांच्या स्मरणात कोरला जाई. दगड हा त्या स्मरणाला दिलेला आधार होता.

४/ मग पुरोहित सीमेच्या दगडाशी कोंबडीची मान तोडी, दगडावर अंडे फोडी आणि शाप उच्चारी : जो हे दान मोडील त्याची गत या कोंबडीसारखी, या अंड्यासारखी होवो. आपल्याकडच्या शिलाहार-यादवकालीन गधेगाळी पाहिलेल्यांना ही भाषा अपरिचित वाटणार नाही. भूमिदानाच्या लेखाला शापवचन जोडण्याची भारतीय परंपरा समुद्र ओलांडून गेली आणि जावात तिने स्थानिक विधीचे रूप घेतले.

५/ मालकीइतकेच महत्त्व पाण्याला होते. इ.स. १०३७ च्या कमलग्यान लेखात राजा ऐरलंग याने ब्रांतास नदीवर वारिंगिन सप्त येथे बांधलेल्या धरणाची हकिगत आहे. नदीचा बांध वारंवार फुटे, शेते बुडत आणि देवस्थानांच्या करमुक्त जमिनींचेही उत्पन्न बुडे. गावकऱ्यांनी आपल्या बळावर बांध घालून पाहिले, ते टिकेनात. शेवटी राजाने सर्वांचे श्रम एकत्र आणले. शेत एकट्याचे असू शकते, परंतु त्या शेतातले पाणी आणि बांध कधीच एकट्याचे नसतात, हा धडा जावाच्या शेतकऱ्याला फार लवकर मिळाला.

६/ किनाऱ्यावरही हीच गोष्ट. माजापाहित राज्याच्या काळातील, चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका आज्ञापत्रात ग्रेसिक बंदराजवळच्या कारांग बोगेम या मासेमारी वसाहतीचे हक्क व देणी नोंदवलेली आहेत. मनुस्मृतीच्या परंपरेशी नाते सांगणारा जावाचा ‘कुटारमानव’ हा कायदेग्रंथ तांबाकातून मासे चोरणाऱ्याला दंड सांगतो. म्हणजे पाण्यातल्या माशालाही धनी होता; पण बांध घालून अडवलेल्या पाण्यातल्या माशाला. खुल्या समुद्रातला मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाचाच नसे.

७/ पुढे माताराम हे मध्य जावातील बलाढ्य राज्य झाले. या राज्याचा हिशेब जमिनीच्या क्षेत्रफळात नसून कुटुंबांत होता. ‘चाचाह’ म्हणजे राबणारे एक कुटुंब. अमुक सरदाराकडे इतके चाचाह, अशी नोंद असे. कारण उघड आहे. जमीन मुबलक होती, हात कमी होते. जाच वाढला की शेतकरी रातोरात उठून दुसऱ्या सरदाराच्या मुलखात जाई. १७५५ च्या गियांती तहाने माताराम दुभंगले आणि योग्याकार्ता व सुराकार्ता अशी दोन दरबारे झाली; तेव्हा वाटणीही चाचाहांचीच झाली. परिणामी दोन राजांची गावे एकमेकांत अशी मिसळली की नकाशावर सरळ रेघ काढणे अशक्य झाले.

८/ आता गावाच्या आत शिरू. गावाच्या मध्यभागी ‘सिकेप’ कुटुंबे असत. काही भागांत त्यांनाच ‘गोगोल’ म्हणत. सावाहात वाटा त्यांचा आणि त्या वाट्याबरोबर येणारे ओझेही त्यांचेच : राजाचा कर, सरदाराची वेठ, रस्ते, पहारा, कालव्यांची डागडुजी. त्यांच्या आश्रयाला ‘नुम्पांग’ राहत. हा शब्द आजही इंडोनेशियात दुसऱ्याच्या वाहनात किंवा घरात आसरा घेण्यासाठी वापरतात. नुम्पांगाला सावाहात वाटा नाही; तो सिकेपाच्या परसात झोपडी बांधून त्याच्या शेतात राबणार. त्याच्यावर सरकारी ओझे नाही, आणि सरकारी नोंदीत त्याचे नावही नाही.

९/ या धाग्याचा कणा येथे आहे. जावाच्या गावात सावाहाची मालकी म्हणजे प्रामुख्याने ‘वाटा’, आणि वाटा म्हणजे हक्क व ओझे यांची एकत्र बांधलेली मोळी. पुढच्या दोनशे वर्षांत प्रत्येक राजवटीने गावाला एकच प्रश्न विचारला : या जमिनीचा मालक कोण? प्रत्येक वेळी उत्तर लिहिताना मोळी थोडी सुटली. आणि प्रत्येक वेळी, ज्याचे नाव नोंदीत नव्हते त्याच्या पदरी काय पडले, हे पाहत आपण पुढे जाऊ.

१०/ त्याआधी गावाची दोन वैशिष्ट्ये. पहिले : गावप्रमुख ‘लुराह’, लेखनिक ‘चारिक’, धर्मकार्य पाहणारा ‘मोदिन’, पाटपाणी पाहणारा ‘उलू-उलू’ यांना रोख वेतन नसे. त्यांना ‘बेंकोक’ नावाची शेते कसायला मिळत. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या इनामाची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण फरक मोठा आहे. आपले वतन वंशपरंपरेने चाले, विकलेही जाई. बेंकोक मात्र पदाला चिकटलेले. पद सुटले की शेत पुढच्या लुराहाकडे.

११/ दुसरे : वारसा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही जमीन मिळे. काही घरांत समान वाटणी होई. काही घरांत ‘सपिकुल सगेंडोंगान’ या म्हणीप्रमाणे. पुरुष कावडीने दोन बाजूंना दोन ओझी वाहतो, स्त्री पाठीवर एक. म्हणून पुत्राला दोन वाटे, कन्येला एक. वधूने माहेरून आणलेली जमीन तिचीच राहे. संसारात दोघांनी मिळवलेली मालमत्ता ‘गोनो-गिनी’ ठरे आणि काडीमोड झाल्यास तिची वाटणी होई. बाजारातले व्यवहार आणि घरातली रोकड बहुधा स्त्रीच्या हाती असे.

१२/ १८११ मध्ये ब्रिटिशांनी भारतातून आरमार पाठवून जावा जिंकले. स्टॅम्फर्ड रॅफल्स तेथे लेफ्टनंट गव्हर्नर झाला. जमिनीच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद मिळाले कर्नल कॉलिन मॅकेंझी याला. होय, दक्षिण भारतातील हस्तलिखिते व शिलालेख जमवणारा मद्रासचा सर्वेक्षक मॅकेंझी तोच. रॅफल्सने निष्कर्ष काढला की जमिनीचा अंतिम धनी राजा असतो आणि आता राजाच्या जागी कंपनी सरकार आले आहे. म्हणून रयतेने सरकारला जमिनीचे भाडे द्यावे.

१३/ १८१४ च्या आदेशांत सावाहाचे प्रतीनुसार तीन वर्ग ठरले. उत्पन्नाचा निम्मा, दोन पंचमांश वा एक तृतीयांश भाग सरकारचा. जिरायतीवर त्याहून कमी. वसुली थेट प्रत्येक शेतकऱ्याकडून व्हावी, ही कल्पना मद्रासच्या रयतवारीच्या धर्तीवरची होती. हीच पद्धत पुढे १८३५-३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणीसह बसवली. जावात मात्र मोजणीच झाली नव्हती. शेते किती, कोणाची, हे सांगणार कोण? लुराहच. १८१६ मध्ये डच परतले. त्यांनी कर ठेवला, पण तो गावावर एकत्रित बसवला आणि त्याची विभागणी पुन्हा लुराहाकडे सोपवली.

१४/ १८२५ ते १८३० या काळात राजपुत्र दिपोनेगोरो याच्या नेतृत्वाखाली जावा युद्ध पेटले. जमिनींचे भाडेपट्टे, जकातनाके आणि दरबारातील युरोपीय हस्तक्षेप ही त्याची महत्त्वाची कारणे. सुमारे दोन लाख जावावासी मरण पावले. डच खजिना रिकामा झाला. आणि तो भरण्यासाठी योहानेस फान डेन बॉश याने १८३० मध्ये ‘लागवड पद्धत’ आणली.

१५/ कागदावरचा नियम साधा होता : गावाने आपल्या जमिनीचा एक पंचमांश भाग नीळ, ऊस अशा निर्यातीच्या पिकांना द्यावा, त्या बदल्यात जमीनकरात सूट. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी प्रमाण कितीतरी वाढले, वेठ वाढली, आणि पिकावर टक्केवारी मिळत असल्याने अधिकारी व गावप्रमुख अधिक पिळू लागले. १८३१ ते १८७७ या काळात या मार्गाने डच खजिन्यात सुमारे ८२ कोटी ३० लाख गिल्डर जमा झाले.

१६/ या पद्धतीने मालकीवर केलेला परिणाम विलक्षण आहे. वेठ सावाहधारकावर बसे. म्हणजे जितके वाटेकरी, तितके वेठकरी. सरकारला वेठकरी अधिक हवे होते आणि सिकेपांना आपले ओझे हलके करायचे होते. मग अनेक गावांत सावाहांची फेरवाटणी झाली. जुन्या धारकांचे वाटे लहान झाले आणि कित्येक नुम्पांगांना इतिहासात प्रथमच जमिनीचा तुकडा मिळाला. पुढे युरोपीय निरीक्षकांनी या सामाईक, फिरत्या वाट्यांना जावाची अनादि ग्रामपरंपरा मानले. कित्येक ठिकाणी ती ‘परंपरा’ वेठीच्या ओझ्याखाली एक-दोन पिढ्यांतच घट्ट झाली होती.

१७/ मिळालेला तुकडा लहान होता आणि ओझे पुरे होते. १८४३-४४ मध्ये चिरेबोन भागात, १८४८ ते १८५० मध्ये देमाक व ग्रोबोगान येथे दुष्काळ पडला. भात पिकवणाऱ्या देमाकमध्ये माणसे अन्नावाचून मेली. कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. १८६० मध्ये एदुआर्द डाउवेस डेक्कर याने ‘मुल्तातुली’ या नावाने लिहिलेली ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि हॉलंडमध्ये या व्यवस्थेविरुद्धचा आवाज वाढला.

१८/ सुधारणेच्या वाऱ्यात सरकारने आठशेहून अधिक गावांत जमीनहक्कांची तपशीलवार चौकशी केली. तिचे सार पुढे तीन खंडांत छापले गेले. त्यातून दिसले की एकाच जावात अनेक रीती नांदत होत्या. ‘यासान’ म्हणजे पूर्वजाने स्वतः रान तोडून केलेली, वारशाने चालणारी जमीन. ‘गोगोलान’ म्हणजे गावाच्या वाट्याची जमीन. कोठे वाटे कायमचे, तर कोठे दरवर्षी फिरते. रान ज्याने उठवले त्याचा हक्क, हे तत्त्व मात्र सर्वत्र मान्य होते.

१९/ ही चौकशी छापून पूर्ण होण्याआधीच, १८७० मध्ये, नवा कृषी कायदा आला. त्यासोबतच्या घोषणेनुसार ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकणार नाही ती सरकारची. जंगल, पडीक रान, गुरचरण एका फटक्यात सरकारी झाले आणि ७५ वर्षांच्या पट्ट्याने युरोपीय मळेवाल्यांना देता येऊ लागले. देशी जमीन परकीयांना विकण्यास बंदी होती, ही संरक्षक बाजूही नोंदवली पाहिजे. पण भाड्याने देण्यास मुभा होती. साखर कारखाने गावाचे सावाह पाळीपाळीने भाड्याने घेऊ लागले; आज भात, उद्या ऊस, पुन्हा भात.

२०/ या घोषणेला सर्वांत अनोखे उत्तर दिले ब्लोरा भागातील सागवानी जंगलाकाठच्या शेतकऱ्यांनी. सुमारे १८९० पासून सुरोन्तिको सामिन हा शेतकरी सांगू लागला की भूमी, पाणी आणि लाकूड सर्वांचे आहे. त्याचे अनुयायी कर नाकारत, पण शस्त्र उचलत नसत. मोजणीदार आले की ते आपल्या शेतात आडवे पडत आणि ‘हे माझे’ असे ओरडत. १९०७ मध्ये डचांनी सामिनला सुमात्रात हद्दपार केले. १९१४ मध्ये तो तेथेच वारला. हा पंथ आजही आहे आणि स्वतःला ‘सेदुलुर सिकेप’ म्हणजे सिकेप बंधू म्हणवतो. ओझे वाहणाऱ्याचे जुने नाव येथे स्वाभिमानाचे नाव झाले.

२१/ दरम्यान लोकसंख्या अफाट वाढली. रॅफल्सच्या १८१५ च्या गणनेत जावाची माणसे सुमारे ४६ लाख. १९३० च्या जनगणनेत मादुरासह ४ कोटी १७ लाख. मातारामच्या काळचे समीकरण उलटले : आता हात मुबलक, जमीन कमी. अर्धेलीचे करार वाढले. ‘मारो’ म्हणजे निम्मे-निम्मे. ‘मेर्तेलू’ म्हणजे दोन वाटे मालकाला आणि एक कसणाऱ्याला. जमिनीची टंचाई जशी वाढली, तसा कसणाऱ्याचा वाटा मारोकडून मेर्तेलूकडे घसरला.

२२/ भूमिहीनाला तरीही एक आधार होता : सुगी. भात ही देवी श्रीची काया, अशी श्रद्धा. विळ्याने तिला भय वाटेल म्हणून स्त्रिया बोटांत लपणाऱ्या ‘आनी-आनी’ या लहान पात्याने एकेक लोंबी खुडत. कोणाच्याही शेतात सुगीला कोणीही यावे, खुडावे आणि खुडलेल्यातला ठरलेला भाग घेऊन जावे. या भागाला ‘बावोन’ म्हणत. सुगीला आलेल्या बाईला परत पाठवणे लाजिरवाणे मानले जाई. दाखल्यावर हा हक्क कोठेच नव्हता, परंतु अनेक घरांची चूल त्यावर पेटत होती.

२३/ समुद्रावरही वाट्याचेच राज्य. नावेचा धनी ‘जुरागान’, तांडेल तो ‘नाखोडा’ आणि खलाशी ‘पांडेगा’. आपल्या कोळीवाड्यांतला ‘नाखवा’ आणि हा ‘नाखोडा’ दोघेही फारसी ‘नाखुदा’चे वंशज, हिंदी महासागराच्या व्यापाराने दिलेले हे भावंडपण. मासळी विकली की खर्च वजा होई. मग एक भाग नाव-जाळ्याचा, उरलेला माणसांचा. जाळे फेकणाऱ्याला, पाणी उपसणाऱ्याला कामाप्रमाणे कमी-अधिक वाटा मिळे. डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेचा वारा सुटला की नावा किनाऱ्याला लागत आणि पांडेगा जुरागानकडून वा मासळी-व्यापाऱ्याकडून उचल घेई. ती उचल फिटेपर्यंत तो त्याच नावेला बांधलेला.

२४/ स्वातंत्र्यानंतर २४ सप्टेंबर १९६० रोजी इंडोनेशियाने मूलभूत भूमी कायदा केला. १८७० ची घोषणा रद्द झाली, रूढीप्राप्त हक्कांना आधार मानले गेले, आणि सहाव्या कलमाने सांगितले की प्रत्येक भूमिहक्काला सामाजिक कर्तव्य जोडलेले आहे. जुनी मोळी पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. दाट वस्तीच्या भागात सावाहाची कमाल मर्यादा ५ हेक्टर ठरली. अर्धेलीचे करार लेखी, गावप्रमुखासमोर आणि सावाहासाठी किमान तीन वर्षांचे असावेत, असाही कायदा झाला.

२५/ अंमलबजावणी मात्र रखडली. जमीन नातेवाइकांच्या नावे झाली, याद्या अडकल्या. १९६३-६४ पासून कम्युनिस्ट पक्ष व त्याच्याशी संलग्न शेतकरी संघटना यांनी जमिनी परस्पर ताब्यात घेण्याची मोहीम सुरू केली. मध्य व पूर्व जावात जमीनमालक, त्यांत धार्मिक संस्थांशी जोडलेले अनेकजण, आणि कुळे यांच्यात चकमकी झडल्या. १९६५-६६ च्या हत्याकांडात देशभर अंदाजे पाच लाख माणसे मारली गेली. जावाची खेडी त्यात होरपळली. त्यानंतर ‘मर्यादेपेक्षा जास्त जमीन’ हा शब्दप्रयोगदेखील उच्चारण्यास माणसे भिऊ लागली.

२६/ पुढची उलथापालथ बियाण्यांनी केली. हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांना विळा सोयीचा. शेतकरी उभे पीक व्यापाऱ्याला विकू लागला. या व्यवहाराला ‘तेबासान’ म्हणतात. व्यापारी बाहेरचा. त्याला शेजारणीची लाज नव्हती. तो मोजकी माणसे विळे देऊन आणी. गिरण्यांनी भात कांडण्याचे कामही घेतले, जे पूर्वी स्त्रियांच्या हातचे होते. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. हे यश खरे आहे. त्याच वर्षांत बावोनचा उघडा दरवाजा ठिकठिकाणी बंद झाला, हेही तितकेच खरे. कोणताही कायदा मोडला गेला नाही, कारण तो हक्क कोणत्याच कायद्यात नव्हता.

२७/ समुद्रावर तेच काम ट्रॉलरांनी केले. लहान नावांची जाळी फाटू लागली, संघर्ष पेटले. अखेर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ट्रॉलर-मासेमारीवर बंदी आली. २००७ च्या एका कायद्याने किनारी पाण्याचे पट्टे कंपन्यांना देण्याची वाट उघडली. मच्छीमार संघटना न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये घटना-न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. जाळ्यात येईपर्यंत मासा कोणाचाच नाही, हे जुने तत्त्व त्या दिवशी टिकले.

२८/ आता पुन्हा देमाक. तांबाकांसाठी खारफुटी तोडली गेली. कोळंबीच्या पैशाने तो वेग वाढला. शेजारच्या सेमारांग शहरात व उद्योगांत भूजलाचा उपसा झाला आणि मऊ गाळाची भूमी खचू लागली. त्यात समुद्रपातळीही वाढते आहे. आधी सावाहात खारे पाणी शिरले, म्हणून शेतकऱ्यांनी तांबाक केले. मग तांबाकांचे बांधही गेले. शेतकरी मच्छीमार झाला, तो या मार्गाने. तिंबुलस्लोकोत घरांच्या जमिनी फळ्या टाकून उंच केल्या गेल्या, घराघरांना लाकडी साकव जोडले गेले.

२९/ आणि कायद्याचे उत्तर? १९६० च्या त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते की जमीन नष्ट झाली, तर मालकी हक्कही संपतो. अशा जमिनीला ‘तानाह मुस्नाह’, म्हणजे नष्टभूमी, म्हणतात. २०२१ च्या नियमांनी मूळ धारकाला भराव घालून ती परत मिळवण्याचे प्राधान्य दिले आहे. पण समुद्रात भराव घालण्याइतका पैसा कोणत्या पांडेगाकडे असणार? सेमारांग–देमाक हा टोलमार्ग व सागरी बांध याच पाण्यातून जातो. तेथे नष्ट ठरलेल्या जमिनींना नेहमीची भरपाई लागू झाली नाही. त्याऐवजी ‘केरोहिमान’ म्हणजे दयानिधीची तजवीज झाली. हक्काची जागा दयेने घेतली.

३०/ ऐरलंगाच्या लेखात नदीने शेते बुडवली, तेव्हा राजाने धरण बांधले, कारण शेतकऱ्याचा वाटा आणि राजाचे कर्तव्य एकाच मोळीत होते. जुने गाव समतेचे मुळीच नव्हते; नुम्पांग तेव्हाही परसातच झोपत होता. पण त्या गावात ‘हे कोणाचे?’ या प्रश्नासोबत ‘याच्यावर कोण जगते?’ हा प्रश्नही विचारला जाई. कागदाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिकाधिक नेमके दिले आणि दुसरा प्रश्न विचारणेच सोडले. सुगीची बाई, नावेवरचा पांडेगा, परसातला नुम्पांग या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे जगत होते. आज देमाकमध्ये दाखलाधारक शेतकरीही त्यांच्याच पंक्तीत येऊन बसला आहे.

३१/ मित्रहो, एक विनंती. आपल्या गावचा सातबारा एकदा काढून पाहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : त्या शेतातून पूर्वी कोणाकोणाला काय मिळत असे? बलुत्याचा वाटा, सरवा वेचणारी बाई, गुरचरण, पाणवठा. आणि त्यातले काय कागदावर आले, काय आले नाही? उत्तरे मिळाली तर खाली जरूर लिहा. जावाइतकाच तो आपलाही इतिहास आहे.
#इतिहास #जावा #गावगाडा